सशाची गोष्ट आणि मालकाची चौकट

महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ वर्गात शिकवताना मी नेहमी अर्पणपत्रिकेपासून सुरुवात करतो. १८७३ साली पुण्यात बसून एक माणूस आपले पुस्तक अमेरिकेतल्या अशा लोकांना अर्पण करतो, की जे काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटले. ही गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमीच चकित करते. दोन वर्षांपूर्वी हा भाग सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, सोडवणाऱ्यांविषयी कळले. पण जे गुलाम होते, ते स्वतः काय बोलत होते?”

प्रश्न साधा होता आणि मला तो आधीच सुचायला हवा होता. मी फ्रेडरिक डग्लसचे नाव सांगितले, १८४५ सालच्या त्याच्या आत्मकथनाविषयी बोललो. पण डग्लस लिहायला शिकला होता, तोही चोरून. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. त्यांच्या हाती अक्षर पडू नये अशी तजवीज अनेक राज्यांनी कायद्यानेच केली होती. जॉर्जिया राज्याने १८२९ साली गुलामाला लिहा-वाचायला शिकविणे हा गुन्हा ठरविला. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात काय ओतावे हे ज्या देशाच्या धर्मशास्त्रांनी सांगून ठेवले, त्या देशातल्या वाचकाला या कायद्याचे नवल वाटणार नाही. मग ज्यांना लिहिता येत नव्हते, ते काय बोलत होते? पुढच्या तासाला सांगतो, म्हणून मी वेळ मारून नेली. पुढच्या तासाला मी सशाची गोष्ट सांगितली. वर्ग हसला. हा लेख त्या हसण्यातून निघाला आहे.

हसणे स्वाभाविकच होते. आपल्या भाषेत ससा म्हणजे भित्रेपणा. भेकड माणसाचे काळीज सशाचे. पाठीवर पान पडले तरी आभाळ कोसळले म्हणून पळत सुटणारा तो ससा. शर्यतीत झोपून हरणारा तोही ससाच. ज्याच्या मागे कुत्री लागतात, ज्याच्यासाठी जाळी लावली जाते, तो पळतो. आणि पळतो म्हणून भाषा त्याला भेकड ठरविते. शिकाऱ्याच्या काळजाविषयी मात्र भाषेत अशी म्हण नाही. शब्द घडविणारा कोण, यावर कोणाचे काळीज कसे हे ठरते. अमेरिकेतल्या गुलामांनी नेमका हाच प्राणी आपला नायक म्हणून निवडला. त्याला ते ब्रेर रॅबिट म्हणत. ‘ब्रेर’ म्हणजे ब्रदर, भाऊ. कोल्हाही भाऊ, लांडगाही भाऊ, अस्वलही भाऊ. परंतु या भाऊबंदकीत रोज कोणीतरी कोणालातरी खायला टपलेला असतो. मळ्यावरच्या जीवनाचे याहून खरे चित्र कोणते असेल?

हा ससा आफ्रिकेतून आला. पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ लोकांच्या गोष्टींत तो ‘लेऊक’ आहे. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली गोष्टींत तो ‘सुंगुरा’ आहे. सेनेगलचा कवी आणि पुढे त्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेला सेंगॉर याने अब्दुलाये साजी या लेखकाबरोबर १९५३ साली शाळेच्या मुलांसाठी वाचनाचे पुस्तक तयार केले, त्याचा नायकही हा लेऊक ससाच आहे. जहाजाच्या तळाशी साखळदंडाने बांधून आणलेल्या माणसांना काहीही सामान बरोबर घेता आले नाही. गोष्टी तेवढ्या हिरावून घेता आल्या नाहीत, कारण त्या डोक्यात होत्या. अमेरिकेत त्यांची गाठ आणखी एका सशाशी पडली. ज्या चेरोकी लोकांना १८३८ साली जॉर्जियातल्या त्यांच्या भूमीवरून बंदुकीच्या धाकाने हाकलून दिले गेले, त्यांच्या गोष्टींतही लबाड ससा होता. दोन लुटल्या गेलेल्या समाजांनी आपापल्या गोष्टी एकमेकांना दिल्या-घेतल्या असतील, असे मानायला भरपूर जागा आहे.

या गोष्टींतली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट डांबराच्या बाहुल्याची. सशाने कोल्ह्याला पुन्हा पुन्हा फसविलेले असते. कोल्हा डांबर आणि टर्पेंटाइन कालवून एक काळे बाहुले करतो, त्याच्या डोक्यावर टोपी ठेवतो, ते रस्त्याच्या कडेला बसवतो आणि झुडपात लपून राहतो. ससा ऐटीत येतो. बाहुल्याला रामराम करतो. बाहुले बोलत नाही. ससा हवापाण्याची विचारपूस करतो. बाहुले गप्प. सशाला राग येतो. प्रतिष्ठित माणसाशी कसे बोलावे हे तुला शिकवतोच, असे म्हणून तो ठोसा मारतो. हात चिकटतो. दुसरा हात, मग पाय, शेवटी डोके. कोल्हा हसत हसत बाहेर येतो. आता कसे मारावे? भाजावे, फासावर द्यावे, बुडवावे, की सोलावे? ससा प्रत्येकाला होकार देतो. काहीही कर बाबा, फक्त त्या काट्यांच्या जाळीत टाकू नकोस! कोल्ह्याला त्याचे जास्तीत जास्त वाईट करायचे असते, म्हणून तो सशाला नेमके काट्यांतच भिरकावतो. थोड्या वेळाने टेकडीवरून हाक येते. ससा एका ओंडक्यावर बसून लाकडाच्या ढलपीने अंगावरच्या केसांतले डांबर विंचरत असतो. काट्यांच्या जाळीत तर माझा जन्म झाला, असे तो ओरडून सांगतो.

लॉरेन्स लेव्हाइन या इतिहासकाराने १९७७ साली ‘ब्लॅक कल्चर अँड ब्लॅक कॉन्शसनेस’ या ग्रंथात गुलामांची गाणी, विनोद आणि गोष्टी हीच त्यांच्या विचारांची कागदपत्रे मानली. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांचा इतिहास त्यांच्या तोंडच्या शब्दांतून वाचला पाहिजे, ही दृष्टी आपल्याला नवी वाटू नये. मालकाला आपली वस्ती म्हणजे काट्यांची जाळी वाटते. तिथे टाकणे ही त्याच्या मते शिक्षा. पण त्याच काट्यांतल्या वाटा आपल्याला ठाऊक असतात, त्याला नसतात. गुलामाच्या हाती असलेले हे एकच ज्ञान होते आणि त्यावरच तो जगत होता.

आता प्रश्न असा, की ही गोष्ट आपल्यापर्यंत आली कशी? तिथे दुसरा इतिहास सुरू होतो.

जॉर्जियातल्या ईटनटन या गावी जोएल चँडलर हॅरिस नावाचा एक गोरा मुलगा वाढला. बाप आईला सोडून गेलेला, आई शिवणकाम करून पोट भरणारी. १८६२ साली, यादवी युद्ध चालू असताना, तो टर्नवोल्ड नावाच्या मळ्यावर छापखान्यात उमेदवारी करू लागला. मळ्याचा मालक तिथूनच एक साप्ताहिक काढीत असे. काम संपल्यावर हा पोर गुलामांच्या झोपड्यांत जाऊन बसे. जॉर्ज टेरेल, हार्बर्ट, क्रिसी ही तिथल्या सांगणाऱ्यांची नावे चरित्रकारांनी नोंदविली आहेत. चुलीच्या उजेडात ऐकलेल्या गोष्टी हॅरिसच्या मनात राहिल्या. पुढे तो अटलांटाच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या दैनिकात पत्रकार झाला, १८७९ पासून तिथे या गोष्टी लिहू लागला आणि १८८० साली त्याचे ‘अंकल रीमस : हिज साँग्ज अँड हिज सेइंग्ज’ हे पुस्तक निघाले. त्यात ३४ गोष्टी होत्या. पुस्तक हातोहात खपले. पुढच्या पुस्तकांसह हॅरिसने दीडशेहून अधिक गोष्टी नोंदविल्या.

त्याने त्या नोंदविल्या नसत्या तर त्यांतल्या कितीतरी आज उरल्या नसत्या, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. तो समजदारही होता. आपल्या प्रस्तावनेत त्याने म्हटले आहे की गुलामाने प्राण्यांतला सर्वांत दुबळा आणि निरुपद्रवी प्राणी नायक म्हणून का निवडला, हे समजायला शास्त्रीय संशोधन लागत नाही. म्हणजे गोष्टीचा अर्थ त्याला कळला होता. आणि तरीही, किंवा म्हणूनच, त्याने त्या गोष्टीभोवती एक चौकट बसविली.

ती चौकट अशी. रीमस हा एक म्हातारा काळा नोकर आहे. मळ्याच्या मालकिणीचा सात वर्षांचा गोरा मुलगा रोज संध्याकाळी त्याच्या झोपडीत येतो आणि रीमस त्याला गोष्ट सांगतो. झोपडीत दुसरे कोणी नाही. काळी मुले नाहीत, बायका नाहीत, दिवसभर कापूस वेचून आलेली माणसे नाहीत. जी गोष्ट काळ्यांनी काळ्यांना, मालकाच्या पाठीमागे सांगायची, ती आता एका काळ्याने मालकाच्या मुलाला झोप येईपर्यंत सांगायची झाली. रीमसला जुन्या दिवसांविषयी तक्रार नाही. याच पुस्तकात युद्धाची एक कथा आहे. तीत गुलामी मोडायला आलेल्या उत्तरेच्या सैन्यातला एक सैनिक रीमसच्या तरुण मालकावर नेम धरतो आणि रीमस स्वतः बंदूक उचलून त्या सैनिकावर झाडतो. सैनिक एक हात गमावतो, मालकाच्या घरी शुश्रूषा घेतो, मालकाच्या बहिणीशी लग्न करतो. गोष्ट ऐकणारा मुलगा त्या दोघांचा. उत्तर आणि दक्षिण यांचे गोड मीलन झाले. रीमस मात्र झोपडीत होता तिथेच आहे.

हे पुस्तक कधी आले याकडे लक्ष द्या. १८६५ साली घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामी संपली. त्यानंतर बारा वर्षे काळ्यांनी दक्षिणेत मते दिली, विधिमंडळात जागा मिळवल्या, शाळा उघडल्या. १८७७ साली उत्तरेने आपले सैन्य मागे घेतले आणि दक्षिणेतल्या काळ्यांना पुन्हा जुन्या मालकांच्या हवाली केले. १८८० साली देशाला असे एक पुस्तक हवे होते, जे सांगेल की तेही दिवस तसे वाईट नव्हते, काळा माणूस प्रेमळ होता, मालक दयाळू होता. रीमसने ते काम केले. ज्या गोष्टींत ससा रोज कोल्ह्याला लोळवितो, त्याच गोष्टी कोल्ह्याच्या घरात मुलांना झोपविण्यासाठी वाचल्या जाऊ लागल्या. आपल्याकडेही गावगाडा कसा गुण्यागोविंदाने चालत होता याच्या रम्य आठवणी लिहिल्या गेल्या. त्यांत वेशीबाहेरचा माणूस असतो. तो इमानी असतो आणि त्याला बोलायला फारसे काही नसते.

शब्दांच्या चौकटीला चित्रांची चौकट मिळाली. पहिल्या आवृत्तीत फ्रेडरिक चर्च आणि जेम्स मोझर यांची चित्रे होती. १८९५ साली ए. बी. फ्रॉस्ट या चित्रकाराची ११२ चित्रे घालून नवी आवृत्ती निघाली आणि आज डोळ्यांसमोर येणारा ब्रेर रॅबिट मुख्यतः त्या चित्रांतला आहे : दोन पायांवर उभा, अंगात माणसांचे कपडे, चेहरा मात्र खऱ्या सशाचा. चित्रे उत्तम आहेत यात शंका नाही. परंतु त्या आवृत्तीच्या आरंभी हॅरिसने फ्रॉस्टला उद्देशून जे लिहिले ते वाचून मी थबकलो. पुस्तक माझे होते, तुम्ही ते पूर्णपणे तुमचे करून टाकले, अशा आशयाचे ते मोठ्या मनाचे शब्द आहेत. एका गोऱ्या माणसाने दुसऱ्या गोऱ्या माणसाला सशाची मालकी बहाल केली. टेरेल, हार्बर्ट, क्रिसी या व्यवहारात कुठेच नाहीत.

हा ससा मग समुद्र ओलांडून इंग्लंडात गेला. बिअट्रिक्स पॉटर या तरुणीने १८९३ ते १८९६ या काळात रीमसच्या गोष्टींवर चित्रे काढली. १९०२ साली तिचे ‘पीटर रॅबिट’ प्रसिद्ध झाले. निळा कोट घातलेला तो ससा पुढे जगभरच्या बालवाड्यांच्या भिंतींवर, कपबशांवर आणि दुपट्यांवर उड्या मारू लागला. एमिली झोबेल मार्शल या अभ्यासक स्त्रीने २०२३ साली पॉटरच्या सशावर गुलामांच्या गोष्टींचे किती ऋण आहे हे दाखवून दिले आणि ते ऋण मान्य केले गेले नाही याकडे बोट दाखविले. मला त्यातला फरकही महत्त्वाचा वाटतो. पीटर आईचे न ऐकता दुसऱ्याच्या बागेत शिरतो, कोट गमावतो, धापा टाकत घरी येतो आणि त्याला काढा पाजून निजविले जाते. आज्ञा मोडू नये, हा धडा. ब्रेर रॅबिटला बागेत शिरल्याशिवाय पोट भरता येत नाही. एकाला खोडी, तर दुसऱ्याला भाकरी. गुलामाचा ससा मध्यमवर्गाच्या घरात आला तेव्हा त्याची भूक दाराबाहेर ठेवून आला.

१९४६ साली वॉल्ट डिस्नेने ‘साँग ऑफ द साउथ’ हा चित्रपट काढला. रीमसची भूमिका जेम्स बास्केट या काळ्या नटाने केली. १२ नोव्हेंबर १९४६ रोजी अटलांटात पहिला खेळ झाला, पण त्या शहरात गोऱ्या-काळ्यांसाठी सर्व काही वेगळे असल्याने त्या सोहळ्याला बास्केटला जाता आले नाही. पुढे १९४८ साली त्याला खास ऑस्कर देण्यात आले. काळ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांनी, मालक-गुलामांचे नाते रम्य दाखविल्याबद्दल या चित्रपटाचा निषेध केला. याच १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले काळ्यांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रो लोकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. एकीकडे पडद्यावर हसरा रीमस गात होता. दुसरीकडे त्याचीच माणसे जगाच्या दरबारात अर्ज घेऊन उभी होती आणि त्या अर्जाकडे मुंबई इलाख्यातला एक अस्पृश्य नेता आशेने पाहत होता. अटलांटातले हॅरिसचे घर तर स्मारक म्हणून जपले गेले, आणि १९६८ पर्यंत तिथे काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टी, त्यांनाच त्या गोष्टींच्या घरात पाय ठेवण्याची मनाई! देवळे ज्यांच्या घामाने उभी राहिली त्यांना गाभारा बंद, हे पाहिलेल्या आपल्या लोकांना हा न्याय समजावून सांगायला नको.

मालकी काढून घेण्याचा आणखी एक मार्ग विद्वानांनी काढला आणि त्यात आपल्या देशाचे नाव गोवले गेले. जोसेफ जेकब्ज याने १८९२ साली भारतीय कथांच्या संग्रहात असे प्रतिपादन केले की डांबराच्या बाहुल्याचे मूळ बौद्ध जातकात आहे. पंचावुध जातकातला राजपुत्र चिकट केसांच्या राक्षसाला हात, पाय, डोके मारीत जातो आणि पाची ठिकाणी चिकटतो. १९३० साली ऑरेलियो एस्पिनोसा याने देशोदेशीची अनेक रूपांतरे गोळा करून मूळ भारतातच आहे असा पक्ष मांडला. संयुत्त निकायातल्या मक्कट सुत्तातही शिकाऱ्याने लावलेल्या चिकट लेपाला हात, पाय आणि तोंड चिकटून बसलेले माकड आहे. हे सारे वाचून मला एक क्षण बरे वाटले. मग ते बरे वाटणे मला बरे वाटले नाही. सगळे काही आमच्याच पोथ्यांत होते, ही खोड आपण ज्यांच्यात पाहत आलो, ती आपल्यात कशाला? साम्य आहे, ते मान्य करावे. पण राजपुत्र निर्भयपणाने आणि ज्ञानाच्या बळावर सुटतो. माकड लोभामुळे मरते. मालकाच्या द्वेषाचाच उपयोग करून काट्यांच्या वाटेने सुटणे, हे काही जातकात नाही. ते ज्याच्या पाठीवर चाबूक होता त्याने घातलेले आहे. गोष्ट कुठून निघाली यापेक्षा कोणाला तिची गरज पडली, हा प्रश्न मोठा आहे.

इथवर लिहून थांबता आले असते. मालकाची चौकट काढली, गोष्ट तिच्या धन्यांना परत दिली, आता सशाला आपला वीर म्हणून उराशी धरावे. परंतु तशाने आपण फक्त चौकट बदलू. हॅरिसने गोष्ट गोंडस केली. आपण ती वीरश्रीची करू. गोष्टीत जे अडचणीचे आहे ते दोन्हीकडे गळून पडेल.

डांबराच्या बाहुल्याकडे पुन्हा पाहा. ससा फसतो तो भुकेमुळे नव्हे, भीतीमुळेही नव्हे. एका काळ्या, मुक्या आकृतीने आपल्याला नमस्कार केला नाही, म्हणून तो फसतो. काळ्याने गोऱ्याला आधी नमस्कार केला पाहिजे, हा दक्षिणेचा अलिखित कायदा. आपल्याकडे जोहाराचा होता. ससा रोज कोल्ह्यापुढे वाकणारा. पण रस्त्यात आपल्याहून खालचा कोणी दिसतो असे वाटताच तो मालकाची भाषा बोलू लागतो आणि हात उगारतो. नेमका तेव्हाच तो चिकटतो. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे याहून नेमके चित्र मी पाहिलेले नाही. वरच्याचा जोहार चुकवायचा आणि खालच्याकडून वसूल करायचा. आपल्या वस्त्यांत हे नाही असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणावे. पोटजातींचे टोमणे, शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना दिलेली वागणूक, नोकरीवाल्याने गावाकडच्या भावाला दारात उभे ठेवणे. ही बाहुली कोल्ह्याने बसविलेली असतात, आणि चिकटतो आपण.

दुसरी गोष्ट त्याहून कठोर आहे. ससा, कोल्हा आणि पॉसम नावाचा एक मांजराएवढा प्राणी मिळून काम करतात आणि लोणी सामाईक ठेवतात. ससा ते चोरून खातो आणि झोपलेल्या पॉसमच्या तोंडाला फासतो. आळ पॉसमवर येतो. खरा चोर कोण हे ठरविण्यासाठी जाळ पेटवून त्यावरून प्रत्येकाने उडी मारायची असे ठरते. ससा उडी मारून जातो, कोल्हा जातो. पॉसम आगीत पडून मरतो. गोष्ट ऐकणारा मुलगा म्हणतो, पण त्याने तर लोणी खाल्ले नव्हते. रीमस त्याला सांगतो, की या जगात पुष्कळांना दुसऱ्यांच्या पापाची फळे भोगावी लागतात. चौकट एवढ्यापुरती फुटते आणि आतून गुलामांचा खरा आवाज ऐकू येतो.

ही गोष्ट वाचताना मला सस जातक आठवल्याशिवाय राहिले नाही. जावातल्या बोरोबुदूरच्या शिल्पांत आर्यशूराच्या जातकमालेतल्या कथांबरोबर हा ससाही कोरलेला आहे. अतिथीला द्यायला गवताखेरीज काही नाही म्हणून तो आपला देह देतो, स्वतः आगीत उडी घेतो. ती आग त्याला जाळीत नाही. चंद्रावर सशाचे चिन्ह उमटले ते त्यामुळे. पण पाली कथेत एक लहानसा तपशील आहे, तो सर्वांत मोठा आहे. उडी घेण्यापूर्वी ससा तीन वेळा अंग झाडतो. आपल्या केसांत काही किडे असतील तर ते आपल्याबरोबर जळू नयेत म्हणून. माझे शरीर देण्याचा हक्क मला आहे, दुसऱ्याचे देण्याचा नाही. एका आगीपुढे अंग झाडणारा ससा आणि दुसऱ्या आगीत पॉसमला जळू देणारा ससा. पहिला मोठा आणि दुसरा हीन, असा सोपा निकाल मी देणार नाही. ज्याला रोज विकले जाण्याची धास्ती आहे त्याच्याकडे जातकाची नीती मागणे हा अन्याय होईल. त्यागाचे गोडवे तर आपल्याला नेहमी त्यांनीच ऐकविले, ज्यांना आपला त्याग हवा होता. परंतु गुलामांनी ही गोष्ट लपविली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. युक्ती आपल्याला जगवते, पण एकट्याची युक्ती शेजारच्या दुबळ्याला आगीत ढकलू शकते, हे त्यांना ठाऊक होते आणि ते त्यांनी आपल्या मुलांना सांगितले. जगणे आणि मुक्त होणे यांत एवढे अंतर आहे. मुक्तीच्या चळवळीला अंग झाडून घ्यावेच लागते.

काळ्या लेखकांनी हा ससा परत मिळवायला फार कष्ट घेतले. ॲलिस वॉकर हिचा जन्म १९४४ साली त्याच ईटनटनमध्ये झाला. तिच्या आईवडिलांनाही या गोष्टी येत होत्या. डिस्नेचा चित्रपट गावात आला तेव्हा काळ्यांनी वेगळे बसून तो पाहिला आणि आपल्याच गोष्टींची आपल्यालाच लाज वाटू लागली, असे तिने पुढे १९८१ साली मांडले. हॅरिसने माझ्या वारशाचा मोठा भाग चोरला, हा तिचा आरोप. ज्युलियस लेस्टर या काळ्या लेखकाने १९८७ साली दुसरी वाट धरली. मळा, गोरा मुलगा, लाचार म्हातारा ही सगळी चौकट त्याने काढून टाकली आणि त्याच गोष्टी आपल्या माणसांच्या आजच्या बोलीत सांगितल्या; चित्रे जेरी पिंकनी या काळ्या चित्रकाराने काढली. डिस्नेने अमेरिकेतल्या आपल्या बागांमधले, त्या चित्रपटावर आधारलेले पाण्याचे पाळणे २०२३ साली बंद केले. हे ठीकच झाले. पण मालकाने चित्र उतरवून ठेवणे वेगळे आणि आपण आपले चित्र काढणे वेगळे.

माझी आजी सिंहाची गोष्ट सांगायची. रानातल्या जनावरांनी रोज एकाला सिंहाकडे पाठवायचे ठरविलेले. एके दिवशी सशावर वेळ येते आणि तो सिंहाला विहिरीत पाडतो. ही पंचतंत्रातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत तिचे तात्पर्य शिकविले, शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ. आजी तात्पर्य सांगत नसे. ती फक्त एक शब्द वापरायची, ‘पाळी’. त्या दिवशी सशाची पाळी होती. आमच्या घरात हा शब्द येसकरकीसाठी होता. पाळी आली की गावाची राखण, निरोप, ओझी, मेलेली ढोरे. शाळेच्या गोष्टीत पाळी कोणी लावली हा प्रश्नच येत नाही. आजीच्या गोष्टीत दुसरा प्रश्न नव्हताच. मी पदवीधर झालो, इतिहास शिकवू लागलो, आणि आजीची गोष्ट कोणत्याही कागदावर उतरविली नाही. ती गेली तेव्हा तिच्याबरोबर तिचे सगळे शब्द गेले. हॅरिसला दोष देताना हा हिशेब मला मांडावाच लागतो. त्याने निदान लिहून तरी ठेवले.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी त्या वर्षी एक काम दिले. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची एक गोष्ट, तिच्या तोंडच्या शब्दांत, काही न सुधारता, काही न गाळता लिहून आण. तो महिन्याभराने वही घेऊन आला. त्याच्या आजीने सांगितलेली गोष्ट होती. तीत नायक फारसा चांगला वागत नव्हता आणि मुलाने ते तसेच ठेवले होते. शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त केल्या नाहीत. वहीच्या पहिल्या ओळीत त्याने आजीचे पूर्ण नाव घातले होते. आपले नाव खाली, ‘लिहून घेणार’ म्हणून.